बाईंची उसवण

ऑफिसात त्याला सगळे हजारी म्हणत. हजार वर्षं फेकून देणारा माणूस म्हणून हजारी. भूकंप अभ्यास केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाच्या खोलीत तो तेवीस वर्षं कॉम्प्युटरमध्ये भूकंप घडवत बसला होता.

शहराखालून एक भ्रंश जातो. भ्रंश म्हणजे जमिनीच्या दोन तुकड्यांमधली खोलवर गेलेली भेग. ती भेग त्यानं गणितात उतरवली होती. भेगेचे पाच हजार चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला घर्षणाचे आकडे द्यायचे, नख वाढतं त्याच्या अर्ध्या वेगानं दोन्ही बाजू उलट दिशांना ओढायच्या आणि वाट बघायची. चौकोन एकमेकांना घट्ट धरून राहतात. ताण साठत जातो. मग कुठंतरी एक चौकोन सुटतो, शेजारच्याला ओढतो, तो पुढच्याला, आणि सगळी भेग धडाधडा फाटत जाते. वीस हजार वर्षं कॉम्प्युटर तीन दिवसांत पार पाडायचा. पण त्यातली पहिली हजार वर्षं खोटी. गणित कुठून सुरू केलं त्याचाच परिणाम त्यांच्यावर असतो, भेग अजून आपल्या चालीनं चालायला लागलेली नसते. म्हणून ती हजार वर्षं बघायचीसुद्धा नाहीत, सरळ फेकून द्यायची.

बायको त्यावरून त्याला टोमणे मारायची. "हजार वर्षं बिनदिक्कत फेकता हो, आणि त्या बनियनची चाळण झालीय, तो नाही फेकवत?"

ती जाऊन तीन वर्षं झाली होती. बनियन अजून होता.

शुक्रवारी दुपारी बंबवाले साहेब वर आले. शहराच्या अग्निशमन दलाचा हा प्रमुख. अंगानं आडवा आणि आवाजानं उभा. तीन जिने चढून आल्यामुळं धापा टाकत तो खुर्चीत बसला.

"हजारीसाहेब, तुमचं पत्र म्हणजे वरातीमागून घोडं होणार असं दिसतंय."

"येईल पत्र."

"येईल, येईल. आमच्याकडे असं म्हटलं की घराचा कोळसा होतो."

त्याला नवीन अग्निशमन केंद्र बांधायचं होतं. दक्षिणेकडची मोकळी जागा मिळाली होती, नकाशे झाले होते. पण जागा भेगेपासून हाकेच्या अंतरावर होती. मोठा भूकंप झाला तर दुसरं काहीही पडलं तरी चालेल, पण हे केंद्र उभं राहायला हवं. बंबच ढिगाऱ्याखाली गेले तर लागलेल्या आगी लोकांनी काय फुंकर मारून विझवायच्या? म्हणून जागा सुरक्षित आहे असं भूकंप अभ्यास केंद्राचं पत्र हवं होतं, पुढच्या शनिवारच्या आत.

हजारीनं त्याला पडद्यावर दाखवलं. उत्तरेच्या टोकाला भेग सुटली. लाल रंग पळत खाली आला, मधल्या हिरव्या पट्ट्यापाशी पोचला, मंदावला आणि विझला. दक्षिणेचा तुकडा जागचा हलला नाही.

"हाच का तो? बाईंचा?"

"हो. हाच."

बंबवाल्यानं आवाज खाली आणला. "मी आमच्या लोकांना सांगत असतो, कपडे शिवणाऱ्या एका बाईनं अर्धं शहर वाचवलंय म्हणून. पत्र तेवढं लवकर द्या."

तो गेल्यावर हजारी बराच वेळ त्या हिरव्या पट्ट्याकडे बघत राहिला. पत्राचा मसुदा तयार होता. सहीच बाकी होती.

बायकोचं शिवणाचं दुकान बरोबर भेगेवर होतं. दुकानापुढच्या फुटपाथचे कडेचे दगड सरळ रेषेत राहिले नव्हते, एका जागी तुटून थोडे सरकले होते. बावीस वर्षांपूर्वी हजारीनं त्या फटीच्या दोन बाजूंना दोन पितळी खिळे ठोकले आणि बायकोला म्हणाला, "अगं, तू रोज इथं असतेस. आठवड्यातून एकदा या दोन खिळ्यांमधलं अंतर मोजशील का?"

"मोजते की. दिवसभर लोकांच्या कंबरा मोजते, एक जमिनीची."

एकोणीस वर्षं तिनं दर सोमवारी दुकान उघडल्यावर आधी खिळे मोजले आणि निळ्या वहीत आकडा लिहिला. एकही सोमवार चुकला नाही. मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी नाही आणि लग्नाच्या वेळीही नाही. बेचाळीस सेंटिमीटर नऊ मिलिमीटरपासून सुरुवात होती, एकोणीस वर्षांत त्रेचाळीस आठपर्यंत आलं. वर्षाला अर्धा मिलिमीटर, म्हणजे जवळपास काहीच नाही. भेग इथं घट्ट अडकलेली आहे असं सगळे धरून चालले होते.

उसवण हा शब्दही तिचाच. एकदा ती डबा घेऊन ऑफिसात आली असताना पडद्यावर दुसऱ्या कुठल्या तरी भेगेचं सिम्युलेशन चाललं होतं. ती म्हणाली, "हे फाटतंय ते कळलं. पण मधे हे हळूहळू सुटतंय, काही आवाज न करता, ते काय?"

"तो सावकाश होणारा सरकाव. धक्का न देता ताण कमी होतो. त्याला आमच्यात सुटसुटीत शब्द नाही."

"नाही कसा? उसवतंय ते. कापड फाटलं तर आवाज होतो. शिवण उसवली तर पत्ताही लागत नाही. लागतो तो चारचौघांत."

खोलीतले सगळे हसले, आणि त्या दिवसापासून ऑफिसात फाट म्हणजे भूकंप आणि उसवण म्हणजे तो मुका सरकाव.

तीन वर्षांपूर्वी, ती आजारी पडली त्याच आठवड्यात, तिच्या खिळ्यांमधलं अंतर एक सेंटिमीटरनं वाढलं. त्रेचाळीस आठचं चव्वेचाळीस आठ. धक्का नाही, आवाज नाही. सरकाव मोजायला रस्त्याखाली पुरलेलं यंत्र नेमकं तेव्हा पाण्याची पाइप फुटून बुडालेलं होतं, उपग्रहाच्या चित्रांत त्या दाट वस्तीत नीट काही दिसत नव्हतं. खिळ्यांचा आकडा तेवढा होता. पण तेवढा पुरला. भेगेचा मधला पट्टा अडकलेला नाही, तो अधूनमधून उसवतो, ताण साठू देत नाही, असं ठरलं. हजारीनं त्या पट्ट्याच्या घर्षणाचे आकडे बदलले. सिम्युलेशनमध्ये उत्तरेकडून येणारी फाट तिथं येऊन थांबायला लागली. उसवणींच्या यादीत ही सातवी नोंद होती आणि कोणीतरी तिच्यापुढं लिहिलं, "बाईंची उसवण". तेच नाव पडलं. हजारीनं हॉस्पिटलात जाऊन तिला ते सांगितलंही. तेच छापूनही आलं.

घरी आता तिचं नाव कोणी घेत नव्हतं. घ्यायला होतं कोण? शेजारी सुरुवातीला विचारपूस करायचे, मग त्यांनाही आपापले व्याप. मुलगी दूरच्या शहरात. ती रविवारी फोन करायची आणि दोघं गुडघेदुखीबद्दल, हवेबद्दल बोलायचे. आईचा विषय निघाला की दोघांपैकी एकाला दुसरं काहीतरी काम आठवायचं. पण ऑफिसात रोज कोणी ना कोणी सहज म्हणून जायचं, "बाईंचा पट्टा बघितला का?" "बाईंच्या उसवणीचा आकडा द्या जरा." एवढ्यासाठी तो सुट्टीच्या दिवशीही ऑफिसात येऊन बसायचा. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा खिळे मोजायला गेला. पंचेचाळीस. वहीत लिहिलं. मग दुकानात शिरला, कारण पँट कंबरेवर राहत नव्हती.

दुकान आता काजवाली चालवत होती. आधी ती बायकोच्या हाताखाली नुसती काज-बटणं करायची, म्हणून काजवाली. पुढं सगळंच शिकली.

"भाऊजी, काय हे! पट्ट्याला आणखी किती भोकं पाडणार?"

"दोनच पाडली."

"मग हळूहळू पट्टा संपेल आणि भोकंच उरतील. उभे राहा सरळ. पोट आत घेऊ नका, आहेच कुठं ते."

तिनं गळ्यातला टेप काढून त्याच्या कंबरेभोवती घेतला. "ब्याऐंशी," ती पुटपुटली आणि कागदावर लिहिलं, एक्क्याऐंशी.

"ब्याऐंशी म्हणालीस ना?"

"एक सोडून धरलाय ना. टेपचं टोक झिजतं, त्याच्यावर विसंबायचं नाही. एकाच्या रेघेवर धरायचं, वाचायचं आणि तिथल्या तिथं एक वजा करायचा. ताईंचीच शिकवण. नवीन असताना मी वजा करायला विसरले, आणि एका गिऱ्हाइकाचं सगळं कापड ढगळ बेतलं. ताई काय म्हणाल्या माहितीये? 'गिऱ्हाईक जाडं झालं नाही गं, आपलं डोकं जाड झालंय.' " ती स्वतःशीच हसली. "तुम्हालाही शिकवलं असेलच की. भाऊजी? काय झालं? बसा बघू आधी."

तो बसला नाही. "तुझी लाकडी पट्टी दे," तो म्हणाला.

बाहेर फुटपाथवर गुडघे टेकून त्यानं लाकडी पट्टी खिळ्यांवर ठेवली. चव्वेचाळीस. खिशातला स्टीलचा टेप काढला, एकाची रेघ पहिल्या खिळ्यावर धरली, गेली तीन वर्षं धरत आला होता तशीच. पंचेचाळीस. परत पट्टी. चव्वेचाळीस. बाजूनं जाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरी त्यानं पाच वेळा मोजलं.

हॉस्पिटलातली ती संध्याकाळ त्याला आठवली. सोमवार होता, ती आदल्या दिवशी दाखल झाली होती. सलाइन लावलेल्या हातानं त्याला ढकलत म्हणाली होती, "अहो, इथं बसून काय करताय? खिळे राहिलेत. टेप मशीनच्या खणात आहे. एक सोडून धरा, टोक झिजलंय." तो गेला, एक सोडून धरलं, आणि येऊन म्हणाला, "चव्वेचाळीस आठ." तिनं वही मागून घेतली आणि वाकड्या अक्षरात आकडा लिहिला. मागचा आकडा बघून म्हणाली, "वाढलं की हो! उसवलं म्हणायचं."

एक वजा कोणी केलाच नव्हता. त्याला वाटलं, वहीत लिहिताना ती करते. तिला वाटलं, शिकलासवरलेला माणूस, करूनच आला असेल. पुढच्या सोमवारी त्यानं पुन्हा तसंच मोजलं. वहीत चव्वेचाळीस आठ, टेपवर चव्वेचाळीस आठ. जुळलं. जुळल्यावर कोण कशाला शंका घेतंय? नंतर यंत्र दुरुस्त झालं, पण ते बसवल्या दिवसापासूनचा फरक तेवढा सांगायचं, आणि सुरुवातीचा आकडा त्याला टेपवरूनच दिलेला.

आणि एक सेंटिमीटर, अगदी नेमका. भेगेनं कधी कोणाला पुरा सेंटिमीटर मोजून दिलाय? हे त्याच्या तेवीस वर्षांच्या डोक्यात यायला हवं होतं. एका शितावरून त्यानं भाताची परीक्षा केली होती, आणि ते शीतही ताटात नव्हतंच.

तो ऑफिसात गेला आणि संध्याकाळपर्यंत काहीच केलं नाही. मनात आलं, कोणाला कळणार आहे? वजाबाकी फक्त काजवालीला माहीत, आणि तिला खिळ्यांतलं काही कळत नाही. मोठा भूकंप आपल्या हयातीत येईलच असं कुठं आहे? बाई गेली. तिचं कपाट रिकामं झालं, तिची चप्पल कोणीतरी कोणाला तरी देऊन टाकली. हा एक सेंटिमीटर तेवढा राहिला होता. तोही काढायचा?

शेजारच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "हजारीकाका, बाईंच्या पट्ट्याचा नकाशा तुमच्याकडे आहे का?"

"आहे," तो म्हणाला, आणि उठून देऊन आला.

मंगळवारी सकाळी त्यानं मधल्या पट्ट्याचे जुने आकडे परत घातले आणि वीस हजार वर्षं पुन्हा सुरू केली. तीन दिवस तो घरी जाऊन यायचा तेवढाच. कॉम्प्युटरला माणसाची गरज नव्हती, पण खोली सोडवत नव्हती. गुरुवारी गणित संपलं. पहिली हजार वर्षं फेकली आणि बाकीच्या फाटी एकेक करून मोजल्या. आधीच्या हिशेबात उत्तरेकडून निघालेल्या बासष्ट फाटींपैकी चारच मधला पट्टा ओलांडून दक्षिणेला पोचत होत्या. आता एकसष्टपैकी एकोणपन्नास पोचत होत्या. लाल रंग मधे क्षणभरही अडत नव्हता. बंबवाल्याच्या जागेजवळून तो सरळ निघून जात होता.

शुक्रवारी तो निळी वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम केंद्राच्या प्रमुख. हजारीपेक्षा बारा वर्षांनी लहान, एके काळी त्याच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वही उघडून ते पान बराच वेळ बघितलं.

"काका, हे अक्षर बाईंचं आहे."

"हो."

"मग असं लिहू. आजारपणात झालेली नोंद, वाचकाची, म्हणजे आकडा वाचणाऱ्याची चूक. वाचक बाई. ते खोटंही नाही. वजा त्याच करायच्या ना?"

"त्याच करायच्या."

"कोणी एक शब्द बोलणार नाही. आजारी माणूस, ताप अंगात. आणि तुमची निवृत्ती आठ महिन्यांवर आलीय. तुमच्या नावावर आता हे कशाला?"

हजारीनं वही स्वतःकडे ओढून घेतली. "ती पलंगावर होती मॅडम. खिळ्यापाशी मी होतो."

"तुम्ही एकटेच नव्हता. आम्ही सगळ्यांनी आकडा मान्य केला. मीसुद्धा."

"तुम्ही माझ्याकडून घेतला. तिनंही माझ्याकडूनच घेतला. एकोणीस वर्षांत तिचा एक सोमवार चुकला नाही, एक वजाबाकी चुकली नाही. मेलेल्या माणसाच्या पदरात कशाला टाकायचं? ते काय भांडायला येणार आहे?"

मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, "निदान नाव ठेवू या का? नोंद रद्द, पण पट्ट्याला बाईंचं नाव राहू दे."

त्याला हो म्हणायचं होतं. तो शब्द तोंडात तयार होता. पण ज्या उसवणीमुळं पट्ट्याला नाव मिळालं ती झालीच नव्हती, आणि नाव राहिलं तर उद्या कोणी नवीन माणूस ते वाचून समजणार की इथं भेग उसवते.

"न झालेल्या गोष्टीला कसलं नाव," तो म्हणाला.

नोंद त्यानं स्वतः टाइप केली. क्रमांक सात, रद्द. कारण, मोजमापातली चूक. वाचक या शब्दापुढं त्यानं आपलं पूर्ण नाव घातलं. ऑफिसातल्या कित्येकांनी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

तिथून तो चालत जुन्या अग्निशमन केंद्रात गेला. बंबवाला अंगणात एका होजचा गुंडाळा तपासत होता.

"आलात! पत्र?"

"पत्र नाही. जागा बदला."

बंबवाल्यानं होज खाली टाकला. "थट्टा करताय का गरिबाची?"

हजारीनं सगळं सांगितलं, खिळे, टेप, एक सेंटिमीटर. बंबवाला आधी तापला, आवाज चढला, आत बसलेली चार माणसं दारात येऊन उभी राहिली. "एका सेंटिमीटरसाठी? अहो, दोन वर्षं घासलीत मी त्या जागेसाठी! कागदांचा ढीग लागलाय. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत केलीत तुम्ही माझी. आता जागा काय आकाशातून आणू?"

"पूर्वेच्या टेकडीपलीकडे बघा. तिथला खडक चांगला आहे. मी पत्र देईन, आणि या वेळी टेप मी धरणार नाही."

बंबवाल्यानं होज उचलून भिंतीला लावला. मग विचारलं, "मोठा कधी येणार हो?"

"ते मला कळत नाही. कोणालाच कळत नाही. येईल तेव्हा मधे थांबणार नाही, एवढं कळलंय."

"हे फोनवरही सांगता आलं असतं."

"आलं असतं."

बंबवाल्यानं दारातल्या माणसांना हातानं आत पिटाळलं. "चहा घेता?"

"नको."

"घ्याच. शिव्या अजून संपल्या नाहीत माझ्या, उभ्यानं ऐकाल तर चक्कर येईल." त्यानं स्वतः चहा आणून दिला आणि शेजारी बसला. पण शिव्या काही दिल्या नाहीत.

सोमवारपासून ऑफिसात मधल्या पट्ट्याला मधला पट्टा म्हणायला लागले. कोणी ठरवलं नव्हतं. लोक चांगले होते, त्याला लागू नये म्हणून जपत होते. एकदा एकजण चुकून "बाईं" एवढं बोलला आणि जीभ चावून गप्प बसला. हजारीला वाटलं, म्हण रे बाबा, पुरतं म्हण. पण असं कोणाला सांगता येतं? आठवडा तसाच गेला. दुपारी डबा उघडावा, दोन घास खावेत, झाकण लावावं. घरी यावं, दिवा लावावा. एक दिवस तो सबंध संध्याकाळ दिवा न लावताच बसून राहिला.

रविवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"जेवलो गं. तुझं काय चाललंय?"

"काही नाही. गुडघा?"

"आहे तसाच." मग त्यानं सांगून टाकलं. "आईची उसवण काढून टाकली. यादीतून. मी मोजताना चूक केली होती, ती झालीच नव्हती." आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, हॉस्पिटलपासून मॅडमपर्यंत. सांगताना त्याचं त्यालाच वाटत होतं की हे फार लांबतंय.

मग मुलगी म्हणाली, "म्हणजे तिचं तिथं आता काही राहिलं नाही."

"एकोणीस वर्षांच्या नोंदी आहेत. त्या खऱ्या आहेत. भेग अडकलेली आहे हे त्यांच्यावरूनच तर कळतं."

"त्यांना नाव आहे?"

"नोंदींना नाव नसतं."

"मग!" तिचा आवाज फुटला. "तेवढंच तर होतं, बाबा. तुम्हाला मॅडम सांगत होत्या ना नाव राहू दे म्हणून? ठेवायचं होतं! तुमचं काय गेलं असतं?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. बंब होते, माणसं होती. पण ते उत्तर तिला माहीत होतं, म्हणून तर ती रडत होती. तो फोन कानाला लावून उभा राहिला.

"त्या दिवशी तिनं मला फोन केला होता," मुलगी नाक ओढत म्हणाली. "तुम्ही तिला नावाचं सांगितलंत त्या दिवशी. माहितीये तुम्हाला?"

"नाही. कधी?"

"तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात म्हणे. बोलायला धाप लागत होती तरी फोन केला. म्हणाली, तुझ्या बापानं भेगेला माझं नाव दिलंय. आयुष्यभर तिच्याच मागं होता, आता तिच्या मागं जाताना निदान नाव तरी माझं घेईल."

हजारी हसला. भिंतीचा आधार घेऊन तो खाली फरशीवर बसला.

"असं म्हणाली?"

"हो. आणि म्हणाली, पण त्याला सांगू नकोस, फार चढेल. म्हणून मी नाही सांगितलं."

"तीन वर्षं?"

"तुम्ही विषयच काढू द्यायचा नाहीत. मी आई म्हटलं की तुम्हाला दूध उतू गेल्याचं आठवायचं."

"तुला दारावरची बेल ऐकू यायची."

तिच्याकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"आणखी काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"तेव्हा?"

"तेव्हा. नाहीतर कधीही. तुला काय काय म्हणायची ती?"

"पुष्कळ म्हणायची. तुमच्याबद्दलच जास्त." मुलगी जराशी हसली. "बाबा, ठेवू नका हं फोन. गॅस बंद करून येते."

तिनं फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग चालत गेल्याचा. हजारी फरशीवर पाय पसरून, फोन तसाच कानाला धरून बसून राहिला.